दाण्याच्या कातडीवरचं पाणी

एका माणसाला मी अख्ख्या गावासमोर खोटं पाडलं. तो खरं बोलतोय हे तिथं बसलेल्या लोकांपैकी मला एकट्याला ठाऊक होतं, कारण त्याला खोटं पाडायची तयारी मीच सकाळी घरी करून आलो होतो. त्यासाठी ओंजळभर पाणी आणि बायकोच्या जुन्या साडीचा एक तुकडा एवढंच लागलं. पुढं जे झालं ते माझ्या हातात नव्हतं, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. पुढं जे झालं तेही माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी दोन वाक्यं बोललो असतो तर थांबलं असतं. मी बोललो नाही.

त्या माणसाचं नाव हणमंत. गाव त्यांना नाना म्हणायचं.

आमचं गाव रहिमतपूरपासून सात-आठ मैलांवर आहे. कॅनॉलखाली ऊस, वरच्या माळाला मका आणि सोयाबीन. घरटी एक माणूस फौजेत गेलेला किंवा जाऊन आलेला. नानाही गेले होते, पण बंदुकीच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. ते रसदीकडे होते. ठेकेदाराकडून आलेलं धान्य घ्यायचं की परत पाठवायचं, हे बघायचं त्यांचं काम. मशीन होतं, पण ते बिघडलेलं असायचं, म्हणून ते दातानं काम करायला शिकले. पोत्यातून तीन दाणे घ्यायचे, एक वरचा, एक मधला, एक तळाचा. एकेक दाणा दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि हळूच दाबायचं.

"वाळल्याला दाना फुटतो," ते सांगायचे. "वला दाना दबतो. मदला जो आसतो, त्यो जरा इचार करतो."

मग डोळे उघडून ते आकडा सांगायचे. चौदा. साडेपंधरा. अकरा. मी कृषी पदविका घेऊन गावात बी-बियाणांचं दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडं ओलावा मोजायचं मशीन आलं, आणि मी कित्येकदा गुपचूप पडताळून पाहिलं. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक मला कधी सापडला नाही. दुकानाच्या उद्घाटनाला नाना आले होते. भिंतीवरच्या माझ्या चौकटीतल्या प्रमाणपत्राकडं बघून म्हणाले, "डिप्लोमा पास हाय. मानसाचं बघू." लोक हसले. मीही हसलो.

असं बोलायची त्यांना सवय होती. फौजेतून सुटले तरी पास आणि रिजेक्ट हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून सुटले नाहीत. बैल, जावई, सरपंच, नवी मोटर, सगळ्यांना त्यातला एक शब्द मिळायचा, आणि तो हळू आवाजात मिळायचा नाही. नानांना मी देवमाणूस करून ठेवणार नाही. माझा अपराध त्यानं मोठा दिसेल, पण ते खरं नसेल. नाना तोंडानं दुष्ट होते. समोरच्याचं काय होईल याचा विचार न करता ते खरं बोलायचे आणि बोलून झाल्यावर तंबाखू मळत बसायचे.

माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी तेच केलं. मांडवात अक्षता वाटल्या गेल्या होत्या, भटजी मंगलाष्टकांच्या तयारीत होते, सगळे मुठी मिटून उभे. नानांनी सवयीप्रमाणे मुठीतले तीन दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले आणि शेजारच्याला म्हणाले, "किडका हाय. रेशनचा जुना तांदूळ रंगीवलाय."

त्यांच्या मागं वराकडची माणसं उभी होती. त्यात बहिणीची सासू होती. तांदूळ रेशनचा होता ही गोष्ट खरी होती. त्या साली वडिलांना दुसरा आणणं जमलं नव्हतं आणि अक्षता कुणी खात नाही, असं त्यांना वाटलं होतं. त्यानंतर माझ्या बहिणीला तिच्या सासरी किती वर्षं 'किडक्या अक्षतांची' म्हणत होते, हे ती सणाला आली की माझ्या बायकोला सांगायची आणि बायको मला. वडील त्या दिवसानंतर नानांच्या समोरून कधी गेले नाहीत. गल्ली बदलून जायचे. मी काही विसरलो नव्हतो, एवढंच सांगायचं आहे.

सोसायटीच्या ऑफिससमोर एक लांब ओटा आहे. सकाळी दूध घालून आलेली माणसं तिथं टेकतात आणि देश चालवतात. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले होते त्या हिवाळ्यात तर ओट्यावर जागा मिळायची नाही. सोसायटीचे चेअरमन शंकरआप्पा एका टोकाला, वय सत्तर, सरकारवर रागावलेले. दुसऱ्या टोकाला बाजीराव, दोन ट्रॅक्टर आणि एक ट्रक असलेला, आवाजानं मोठा, सरकारच्या बाजूचा. मधे आम्ही सगळे. नाना खांबाला पाठ लावून.

"आरं, कायदा वाचला का तुमी?" बाजीराव म्हणायचा. "कंपनी पेरायच्या आदी भाव बांधून देनार. आडत न्हाई, दलाल न्हाई. आनि ह्येंचं काय, तर रस्त्यात बसायचं."

"आनि कंपनीनं न्हाई घेतला माल तर?" आप्पा. "हमीभाव कुठं लिवलाय त्यात? दाव मला."

"हमीभाव आज तरी कुठं मिळतोय तुमास्नी, आप्पा? मक्याला मिळाला कवा?"

"म्हनूनच म्हन्तोय लिऊन द्या."

मग दोघं नानांकडं बघायचे, कारण नाना फौजेत असताना पंजाबात राहून आले होते आणि दोघांनाही वाटायचं ते आपल्या बाजूनं बोलतील. नाना कुणाच्याच बाजूनं बोलायचे नाहीत. ते विचारायचे, "मापलं कुनी?"

हा त्यांचा एकच प्रश्न होता. निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार ओट्यावर येऊन म्हणाला, शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट झालं. नाना म्हणाले, "मापलं कुनी?" दुसऱ्या दिवशी त्याच्या विरोधातला आला आणि म्हणाला, शेतकरी पार मातीत गेला. नाना म्हणाले, "किती गेला? मापलं कुनी?" दोन्ही पक्षांची पोरं त्यांच्यावर चिडून गेली. आप्पांनी त्यांना एकदा विचारलं, "हणमंता, तू हायस तरी कुनाकडं?" नाना म्हणाले, "भाव कितीबी द्या म्हनावं. तागडी कुनाच्या हातात हाय, ते आदी सांगा. मग मी सांगतो कुनाकडं."

नानांची नक्कल गावात सगळ्यात चांगली मी करायचो. खांबाला पाठ लावायची, डोळे मिटायचे, जबडा जरा डावीकडं सरकवायचा आणि म्हणायचं, मापलं कुनी. बाजीरावच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं.

पुढं ते कायदे मागं घेतले गेले. आप्पांनी ओट्यावर पेढे वाटले आणि बाजीराव आठवडाभर फिरकला नाही. पण पुढच्याच उन्हाळ्यात सांगलीकडची एक पशुखाद्याची कंपनी आमच्या गावात कागद घेऊन आली. कायदा मेला होता, करार जिवंत होता. मक्याचं बियाणं आमचं, भाव पेरायच्या आधी ठरलेला आणि तो बाजारापेक्षा बरा. गावात कंपनीचा माणूस म्हणून त्यांनी मला नेमलं. ओळखपत्र दिलं, एक नवं मशीन दिलं. मला त्याचं किती अप्रूप वाटलं होतं ते आता लिहायला लाज वाटते.

नानांनी तो करार मागून घेतला आणि घरी नेऊन तीन दिवस वाचला. चौथ्या दिवशी ओट्यावर येऊन म्हणाले, "भाव पास. सातवं कलम रिजेक्ट."

सातव्या कलमात लिहिलं होतं की मक्यात चौदा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला तर भाव कापला जाईल, सोळाच्या वर गेला तर माल परत जाईल, आणि ओलावा कंपनीच्या गेटवर, कंपनीच्या मशीनवर एकदाच मोजला जाईल. तो आकडा अखेरचा.

"ह्यात काय वंगाळ हाय?" बाजीराव म्हणाला. "मशीन काय पैसं खातीया?"

"मशीन खात न्हाई. गेट खातंय," नाना म्हणाले. "हितनं सांगलीपातूर माल जानार. कवा पोचंल, किती थांबंल, कुनाच्या हातात हाय? मापायचं तर हितं, खळ्यावर, दोघांच्या म्होरं. गाडी भरली की आकडा लिवायचा. मग त्येंचं त्येनी बघावं."

मला म्हणाले, "काय रं इलास? तू कंपनीचा जावई. सांग की सायबाला. का हुंड्यात मशीन घेटलंयस म्हनून तोंड उघडना?"

ओट्यावर असा हशा पिकला की रस्त्यावरची माणसं थांबली. माझे वडील त्या वेळी समोरच्या गल्लीतून वळून जात होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिलो.

चार दिवसांनी कंपनीचा साहेब सह्या घ्यायला आला. आप्पांनी त्याच्यापुढं नानांची अट मांडली. साहेब सज्जन होता, तरुण होता. म्हणाला, "गावात मोजायचं ठीक आहे, पण तुमच्या बाजूनं मोजणार कोण? तुमच्याकडं मशीन कुठंय?" नाना म्हणाले, "मी दातानं सांगतो. तुमी मशीन लावा. मेळ बसला तर कलम बदला. न्हाई बसला तर मी मागं हटतो आनि पयली सही माझी."

साहेबाला गंमत वाटली. तो म्हणाला, मेळ बसला तर मी स्वतः वर बोलून कलम बदलून आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नमुना आणायचं ठरलं. नमुना कुणी आणायचा, तर कंपनीचा आणि गावाचाही असा एकच माणूस होता. मी.

सकाळी घरातल्या कणगीतला मका मी मशीनवर मोजला. बारा पॉइंट चार. दाणा खडखडीत वाळलेला. मग मी तो स्टीलच्या डब्यात घेतला, ओंजळभर पाणी टाकलं, डबा चार वेळा हलवला, पाणी ओतून दिलं आणि दाणे साडीच्या तुकड्यात घालून चांगले पुसले. पुन्हा मोजला. सतरा. दुकानातल्या मशीनवर काम करून मला कळलं होतं की ते दाण्याच्या आतलं आणि कातडीवरचं पाणी वेगळं ओळखत नाही. दात ओळखतात. दात आत जातात.

मी हे रागाच्या भरात केलं असं म्हणता येईल. पण राग आला होता पाच दिवस आधी. पाणी टाकताना माझा हात स्थिर होता, आणि पुसताना मी काळजी घेतली की एकही दाणा चमकता राहू नये.

ओट्यावर तीस-पस्तीस माणसं जमली होती. मी डबा उघडून नानांपुढं धरला. त्यांनी तीन दाणे घेतले. वरचा, मधला, तळाचा. पहिला तोंडात टाकला आणि ते थांबले. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढंच. मग डोळे मिटून तिन्ही दाणे फोडले. आवाज मलाही ऐकू आला.

"बारा," ते म्हणाले. "लय झालं तर साडेबारा."

मी डब्यातला मका मशीनमध्ये ओतला. साहेबानं आकडा वाचला. "सतरा पॉइंट एक."

 बाजीराव म्हणाला, "नाना, दात रिजेक्ट."

मी आजवर लग्नात, तमाशात, निवडणुकीच्या मिरवणुकीत माणसं हसताना पाहिली आहेत. तसं हसणं पाहिलं नाही. ज्यांना ज्यांना नानांनी कधी तो शब्द दिला होता ते सगळे त्या एका वाक्यावर वर्षानुवर्षांचं हसून घेत होते. कुणी म्हणालं, फौजेला कितीतरी वर्षं वला गहू खायला घातला म्हना की. कुणी म्हणालं, आवं, त्यांच्या दातालाच वल आलीया. साहेबसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसला. आप्पा तेवढे खाली बघत होते.

नानांनी हात पुढं केला. मला वाटलं मशीन मागतायत. त्यांनी पेन मागितलं. पहिली सही त्यांनी केली. पूर्ण नाव, आडनावासकट, हवालदार निवृत्त. मग खांबाकडं न जाता घरी गेले.

त्यानंतर गावानं त्यांचं नाव बदललं. सतरा. "सतरा आला रं." "सतरा, आज हवेत किती टक्के?" लग्नात अक्षता वाटणारा माणूस त्यांच्यापाशी मुद्दाम थांबून दोन मुठी द्यायचा, "चावून बगा." ओट्यावर टीव्हीतली कसलीही आकडेवारी निघाली की दहा तोंडं एकदम म्हणायची, मापलं कुनी. त्यांच्याच आवाजात. त्या तोंडांना तो आवाज काढायला मीच शिकवलं होतं. नाना यायचे, ओट्याच्या अगदी टोकाला बसायचे आणि बोलायचे नाहीत. दाणा तोंडात टाकायचं त्यांनी सोडलं. एकदा माझ्या दुकानात आले असता सवयीनं हात पोत्यात गेला, तीन दाणे चिमटीत आले, आणि माझ्याकडं लक्ष जाताच त्यांनी ते परत पोत्यात टाकले. मी हिशेबाच्या वहीत डोकं घातलं.

दिवाळीनंतर मका निघाला. आमच्या गावच्या तीन गाड्या सांगलीला गेल्या, दोन भाड्याच्या आणि एक बाजीरावची. माल सगळा वाळलेला होता. निघताना खळ्यावर मी मोजला होता, कुणाचा तेरा, कुणाचा पावणेचौदा. पण तो आकडा कुठं लिहायचा नव्हता. कंपनीच्या गेटवर गाड्यांची रांग लागली होती. दोन दिवस आणि दोन रात्री गाड्या ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या. दिवसा ऊन, रात्री थंडी. तिसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री उचलली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला घाम फुटल्यासारखे थेंब होते आणि वरच्या थरातले दाणे चमकत होते. गेटवरच्या माणसानं नमुना घेतला तो त्याच थरातला. सोळा पॉइंट आठ. दुसरी गाडी सतरा. तिसरी सोळा पॉइंट पाच.

तिन्ही परत.

मी तिथं होतो. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून उभा होतो. आकडा ऐकताक्षणी मला कळलं काय झालंय. मी स्वतः हेच डब्यात केलं होतं.

नाना आपल्या मालाबरोबर गाडीतून आले होते. ते गेटवरच्या माणसापाशी गेले आणि फार दिवसांनी मोठ्यानं बोलले. "सायेब, पसरा. खाली ताडपत्री हातरा, तासभर उनात पसरा आनि मग मापा. दाना वाळल्याला हाय. नुसती वरची कातडी वली हाय."

"आजोबा, मशीननं सांगितलंय ना."

"मशीनला कातडी कळत न्हाई."

बाजीरावचा स्वतःचा सगळा माल त्या परत जाणाऱ्या गाड्यांत होता. त्याच्याइतकं नुकसान कुणाचंच होणार नव्हतं. नाना त्याच्या बाजूनं बोलत होते. तरी तो म्हणाला, "ये सतरा, गप बस की. तुझ्या दातानं आदीच लाज घालीवलीया." आणि आमच्याच गावची माणसं, परत जाणाऱ्या आपापल्या पोत्यांवर बसलेली, हसली.

तेव्हा नाना माझ्याकडं वळले.  फक्त बघत राहिले, मघा तो माणूस नमुना घेताना बघत होते तसे, वाट बघत.

मी म्हणालो, "कागदावर सह्या झाल्यात, नाना."

त्यांनी आपली पोती गाडीतून उतरवून घेतली आणि एकट्यानं रस्त्याच्या कडेला मका पसरला. दुपारी रुमालात मूठभर दाणे बांधून ते पुन्हा गेटवर गेले. गेटवरचा माणूस म्हणाला, नोंद एकदाच होते. ते रुमाल घेऊन परत आले. बाकीच्यांनी तोवर तिथल्याच एका व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावात, माल घालून टाकला होता. नानांनी घातला नाही. टेम्पो करून परत आणला आणि घरी म्हशींना घातला. गावाला हसायला आणखी एक गोष्ट मिळाली.

पुढच्या दोन वर्षांत नानांचे दात गेले. साताऱ्याला जाऊन उरलेले सगळे काढून घेतले आणि कवळी करून आणली, ती कधी घातली नाही. बाजीराव म्हणाला, आता सतराचा शून्य झाला.

या उन्हाळ्यात कंपनी पुन्हा आली. साहेब नवा, कागद नवा, सातवं कलम तेच. भाव चांगला होता आणि माणसं विसरलेली होती. आप्पा मला म्हणाले, "इलास, तू वाचलायस न्हवं? मग करूया सह्या." त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी उठून नानांच्या घरी गेलो.

नाना अंगणात खाटेवर बसले होते. काकी, म्हणजे त्यांची बायको, शेंगा फोडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डबा, पाणी, साडीचा तुकडा. सांगताना बहिणीच्या लग्नाचंही बोलून गेलो, जणू त्यानं काही फिटणार होतं.

"तांदूळ किडकाच हुता," नाना म्हणाले.

"तेवडं एक तुमी गप बसाय पायजे हुतं," काकी शेंगांवरून नजर न उचलता म्हणाल्या. 

नाना मला म्हणाले, "मला ठावं हाय. पयला दाना व्हटाला लागला तवाच कळलं. व्हटाला पानी लागलं."

"मग बोलला का नाही तुमी?"

"दान्यात किती, ह्ये इचारलं हुतं. दान्यात बारा हुतं, बारा सांगितलं." दात नसल्यानं त्यांचे शब्द मऊ झाले होते. "आनि म्या सांगून कोन ऐकनार? हारला म्हनून बोंबलतोय म्हनले आसते. डबा तुझ्या हातात हुता. मला वाटलं, आता बोलंल. मशीनवर आकडा आला, वाटलं, आता बोलंल. सही केली सावकाश, त्येवड्यासाटी. गेटावर बी वाटलं."

"नाना, माझी चूक..."

"मला नगं सांगूस. मला सांगून तुला हलकं व्हायचंय. म्या कशापायी हलकं करू तुला?" ते खाटेवर आडवे झाले आणि पाठ वळवली. "जितं मापलं तितं सांग."

काकी मला सोडायला दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "चार वर्सं ह्ये घरात बी बोलत न्हाईत, माझ्याशी बी. तुला ठावं नसंल."

मला ठाऊक नव्हतं.

सह्यांच्या दिवशी ओट्यावर पूर्वीइतकीच गर्दी होती. मी मशीन घेऊन गेलो आणि स्टीलचा तोच डबा घेऊन गेलो. नाना येतील की नाही मला माहीत नव्हतं. ते आले, काकींच्या खांद्यावर हात ठेवून, आणि टोकाला न बसता खांबापाशी गेले. तिथं बसलेल्या माणसानं जागा दिली नाही. आप्पांनी त्याला हातानंच उठवलं.

मी काहीच प्रस्तावना केली नाही. सगळ्यांसमोर मका मोजला. साहेबानं आकडा वाचला, बारा पॉइंट सहा. मग मी डब्यात पाणी ओतलं, हलवलं, ओतून दिलं, दाणे फडक्यात पुसले. चमक जाईपर्यंत पुसले, त्या सकाळी पुसले होते तसेच. पुन्हा मोजला. साहेबानं आकडा वाचला, थांबला आणि पुन्हा वाचला. सतरा.

कुणीही हसलं नाही. बाजीराव ओट्यावरून खाली उतरला. त्याचं तोंड उघडं होतं. "म्हंजी गेटावर..." तो म्हणाला. "म्हंजी आमचा माल..." पुढं त्यानं मला आईवरून शिवी दिली आणि मारायला हात उचलला. आप्पांनी मधे काठी धरली. मला वाटत होतं त्यानं मारावं. आप्पांनी तो नवा करार साहेबाच्या हातात परत दिला आणि म्हणाले, सातवं कलम बदलून आना, मग बसू. साहेब म्हणाला, माझ्या हातात नाही, वर विचारावं लागेल. तो उठून गाडीकडं गेला.

गर्दीतून वाट काढत मी खांबापाशी गेलो. नानांनी डब्यातला एक दाणा उचलून तोंडात टाकला होता. तो फोडायला आता काही नव्हतं. एका गालातून दुसऱ्या गालात ते तो दाणा नुसते फिरवत होते, डोळे मिटून.  चार वर्षांत त्या जागी नाना एक शब्द बोलले नव्हते.

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "मापलं कुनी?"

"मी मापलं, नाना," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. "त्या दिवशीही मीच मापलं होतं. दाण्यात बाराच होतं. तुमी खरं बोलला होता आणि मी पाणी घातलं होतं. गेटावरही मला सगळं कळलं होतं आणि मी गप बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."